लेकीचं उत्तर लेकीला देऊ द्या

आजच्या गप्पा लहान लेकींविषयी आहेत. अंगणवाडीत जाणाऱ्या बोबड्या पोरीपासून चौथीतल्या पोरीपर्यंत.

बचत गटाच्या बैठकीला बाया पोरींना सोबत घेऊन येतात. पोरगी आईच्या पदराआडून बघत उभी असते. कुणीतरी विचारतं, "काय गं बाय, नाव काय तुझं?" पोरगी तोंड उघडणार एवढ्यात आई नाव सांगून मोकळी होते. "कितवीला आहे?" तेही आईच सांगते. "बोलत का नाही?" तर "लाजते ती," हेसुद्धा आईच सांगते. विचारलं पोरीला आणि तिन्ही उत्तरं दिली आईने. हे आम्ही पारोळ-भाताण्याकडच्या पाड्यांवर पाहिलंय, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात पाहिलंय, आगाशी-नंदाखालकडच्या वाड्यांमध्ये पाहिलंय आणि विरारच्या चाळीतही पाहिलंय. मुलग्याला विचारलं तर मात्र बहुतेक वेळा आई थांबते. "सांग ना रे, सांग," म्हणते आणि वाट बघते.

पोरीच्या वाट्याला हे थांबणं येत नाही. आमच्या मते लेकीला उमेद देण्याची सुरुवात याच थांबण्यापासून होते.

त्या वयात याची किंमत कळत नाही. ती कळते पोरगी चौथी पास झाली की. आपल्याकडे पाड्यापाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या चौथीपर्यंतच. पाचवी म्हणजे पुढचं गाव, मधला ओढा, कुठे मुंबई-अहमदाबाद हायवे ओलांडायचा, कुठे शेअर रिक्षाचे रोजचे पैसे. मग घरात विषय निघतो. आजी म्हणते, रस्ता चांगला नाही. बाप म्हणतो, धाकट्याला कोण बघणार? आईला पाठवायचं असतं, पण तीही अर्धीच बोलते. शेवटी कुणाला तरी आठवण होते आणि पोरीला विचारतात, "तुला जायचंय का गं शाळेत?" दहा वर्षं जिची उत्तरं दुसऱ्यांनीच दिली, ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहते. आणि निकाल लागतो: "पोरीलाच गोडी नाही शाळेची." हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकलं त्याची मोजदाद नाही. गोडी असलेल्या पोरींबद्दलही ऐकलंय.

कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा हक्क आहे. पण कायदा काही आपल्या ओटीवर येऊन बसत नाही. ओटीवर त्या संध्याकाळी पोरगीच असते. तिला दोन वाक्यं ठणकावून बोलता आली पाहिजेत. ही दोन वाक्यं दहाव्या वर्षी एकदम येत नाहीत. पावसाळ्याआधी आपण लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवतो, तशी ती आधीपासून साठवावी लागतात.

मग करायचं काय? आधी थांबायला शिकायचं. पोरीला प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. सुरुवातीला फार वेळ वाटतो. पाहुणे बघतायत, पोरगी गप्प आहे, आपल्यालाच कानकोंडं होतं. तरी मोजा. चौथ्या-पाचव्या वेळी ती बोलायला लागते. दुकानात नेलं की तिला पुढे उभं करा, "पाव किलो साखर द्या" हे तिला म्हणू द्या, सुटे पैसे तिच्या हातात घेऊ द्या. आरोग्य केंद्रात गेलात तर कुठे दुखतंय ते आधी तिला सांगू द्या, राहिलेलं तुम्ही सांगा. डॉक्टर घाईत असतील, असू देत. स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला जी सहाव्या वर्षी शिकते, ती सोळाव्या वर्षी दुखणं लपवत नाही.

आता कौतुकाबद्दल. कौतुक आपण करतो, नाही असं नाही. पण पोरीचं कौतुक कशाचं होतं ते जरा कान देऊन ऐका. "किती गोरी दिसते," "किती शांत आहे," "फ्रॉक किती छान," "आईला किती मदत करते." मुलग्याचं होतं तेव्हा "डोकं बघा कसं चालतं" असं होतं. पोरी हे ऐकत असतात आणि त्यातून हिशोब बांधतात.

अमेरिकेत काही अभ्यासकांनी २०१७ साली हाच हिशोब तपासला. पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलामुलींना एका फार फार हुशार माणसाची गोष्ट सांगितली आणि चित्रं दाखवून विचारलं, यातला हुशार माणूस कोणता? पाच वर्षांच्या मुली बायकांची चित्रं दाखवत होत्या, जेवढ्या भरवशाने मुलगे पुरुषांची दाखवत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हा भरवसा कमी झालेला होता. त्यांना एक खेळ दिला आणि सांगितलं, हा खेळ फार हुशार मुलांचा आहे, तर त्यातून मुली मागे सरल्या. तसाच खेळ मेहनती मुलांचा म्हणून सांगितला, तेव्हा मागे सरल्या नाहीत. पाच आणि सहा वर्षांमध्ये अंतर किती? एक पावसाळा. पोरगी अंगणवाडीतून पहिलीत जाते, तेवढंच.

तिकडच्या मुलांवरचे प्रयोग इकडे जसेच्या तसे लावू नयेत, हे आम्हालाही पटतं. पण आपल्या घरात पोरीला काय ऐकवलं जातं ते आठवलं, तर आपल्याकडे हा भरवसा जास्त टिकत असेल असं मानायला काही कारण दिसत नाही.

दुसरा एक प्रयोग १९९८ सालचा आहे, साधारण पाचवीतल्या मुलांचा. मुलांनी कोडी सोडवली. काहींना म्हटलं, "तू हुशार आहेस म्हणून सुटली." काहींना म्हटलं, "तू मेहनत घेतलीस म्हणून सुटली." मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, ती फारशी कुणाला जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांची आता पहिल्यापेक्षाही कमी सुटली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांची जास्त सुटली. कारण समजायला अवघड नाही. "तू हुशार" हे ऐकलेल्या पोराला चुकलं की वाटतं, म्हणजे आपण हुशार नव्हतोच. "तू खटपट केलीस" हे ऐकलेलं पोर चुकलं की आणखी खटपट करतं.

तेव्हा पोरीला नुसतं "शाबास" म्हणून सोडू नका. तिने काय केलं ते बोलून दाखवा. "काल तुझा ‘क्ष’ उलटा येत होता, आज तू तीनदा खोडून सरळ काढलास." "मोगऱ्याच्या कळ्या तू लहान-मोठ्या वेगळ्या केल्यास, मला सांगावं लागलं नाही." "मी ओरडले तरी तू धाकट्याला मारलं नाहीस." यात खोटं काही नाही, फुगवलेलं काही नाही. आणि पोरीला कळतं की आईने बघितलं. बघितलं जाणं हे मोठं काम आहे. आपल्यातल्या कितीजणींनी केलेलं घरात कुणी बघितलं, हे तुम्हीच आठवा.

चुकलं तर? चुकलं की पाटी आपल्या हातात ओढून घेऊ नका. वेणी वाकडी घातली तर वाकडी राहू द्या एक दिवस. भाकरी भारताच्या नकाशासारखी झाली तर तव्यावर टाका आणि खा. आपण सोडवून पुन्हा नीट करून दिलं की पोरीला एकच गोष्ट कळते, आपलं केलेलं चालत नाही.

इथे घरकामाचा प्रश्न येतोच. आम्ही काम करू नये म्हणणाऱ्या नाही. आईसोबत भाजी निवडताना, जाळं झाडताना, वाफ्याला पाणी देताना पोरगी शिकते. मुलग्यानेही शिकावं. अडचण आहे ती पोरीचा दिवसच खाऊन टाकणाऱ्या कामाची. त्यात सगळ्यात मोठं काम म्हणजे धाकटं भावंड सांभाळणं. सहा वर्षांची पोरगी कडेवर दीड वर्षांचं पोर घेऊन उभी असते आणि आपण म्हणतो, "किती समजूतदार!" ती समजूतदार आहेच, पण तिच्या शाळेचा तास चालू असतो.

हे दुखणं आपल्याच जिल्ह्यात फार वर्षांपूर्वी दोन बायकांनी ओळखलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला त्यांनी बालवाडीचं काम सुरू केलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. बोर्डीच्या बालवाडीत दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. आजकाल आपण म्हणतो तसं त्यांनी म्हटलं नाही की या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि अंगणात बालवाडी भरवली. अंगणातली म्हणून अंगणवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, पण अंगणातली ही वाडी त्याच्या कितीतरी आधी आपल्या बोर्डीला भरत होती.

पुढे दहा-बारा वर्षांनी हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली पाड्यांवरची मोठी मुलं, त्यातही मुली, शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं असायचं. ताराबाई आणि अनुताईंनी उपाय काढला तो आमच्या मते आजही कुणाच्या लक्षात येत नाही इतका सरळ होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. तिला म्हणाल्या, भावंडाला घेऊनच ये. या प्रयोगाला विकासवाडी म्हणत. आणि जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी गुरं चरतात तिथेच शाळा, तिला कुरणशाळा म्हणत. मुलांना शाळेच्या वेळेत बसवण्याऐवजी शाळाच मुलांच्या दिवसात बसवली.

अनुताईंचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपलं असं धरून चालत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि आयुष्यभर कोसबाडला राहिल्या. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ताराबाईंना त्याआधी १९६२ साली पद्मभूषण. पुरस्कार सोडा. एखादीला पुन्हा पुस्तक हातात धरू दिलं तर पुढे किती घरांतल्या पोरींच्या हातात पुस्तक जातं, ते बघा.

आपल्याला पाळणाघर बांधायला जमणार नाही कदाचित. पण एका गटात दहा-बारा बाया असतात. शाळेच्या वेळेत पाच-सहा लहान पोरं एकीने सांभाळायची, दुसऱ्या दिवशी दुसरीने, एवढं जमू शकतं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचं मूल रोज बसू शकतं, ते बसवा, खाऊ घेऊन लगेच घरी आणू नका. दिवाळीनंतर जी घरं वीटभट्टीवर जातात, त्यांनी निघताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यायचं. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत मूल बसवता येतं. आणि गावात आजी-आजोबा राहणार असतील तर पोरीला मागे ठेवायचा विचार मुलग्याइतकाच करा. बहुतेक घरांत मुलगा मागे राहतो आणि पोरगी धाकट्याला बघायला सोबत जाते.

ताराबाईंची आणखी एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. माँटेसोरीबाईंची शिकवण्याची पद्धत त्यांना ठाऊक होती, पण त्यातली साधनं महागडी. त्यांनी त्याऐवजी बिया, शिंपले, पानं, दगड, माती वापरली. आपल्याकडे या वस्तूंचा काय तोटा! चिंचोके मोजायला, शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावायला, वडाची आणि पळसाची पानं वेगळी करायला. बाजारात मासळीचे वाटे लावताना पोरीला विचारा, "चाळीस बोंबलांचे आठ वाटे, एका वाट्यात किती?" ती वहीत चुकेल, वाट्यात चुकणार नाही. गजरा ओवताना कळ्या पाचापाचाने मोजायला लावा, पाचाचा पाढा कधी पाठ झाला ते तिला कळणारही नाही. २०२२ पासून राज्यातल्या शाळांमध्ये ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात आणि त्यात माता गट केले जातात. त्यात आईंना असेच घरगुती खेळ सांगतात. तुमच्या शाळेत मेळावा झाला आणि गट नुसता कागदावर राहिला असेल, तर बाईंना जाऊन विचारा.

"वेळ कुठे आहे?" हे तुम्ही म्हणणार, आणि खरं आहे ते. भाजी, फुलं, मासळी घेऊन पहाटेची लोकल गाठणाऱ्या बायका आपल्यात कमी नाहीत. चार वाजता उठायचं, दादरला माल टाकायचा, दुपारी परत यायचं, मग स्वयंपाक, मग वाडी. लेकीसोबत बसायला रोज तास काढा असं आम्ही सांगितलं तर तुम्ही रेडिओ बंद कराल. म्हणून एका आईची गोष्ट सांगतो. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८५८ चा. त्यांची आई लक्ष्मीबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तोवर वडील थकले होते. मग आईने शिकवायला घेतलं. घरात माणसांचा राबता, दिवसभर आईला उसंत नाही. तेव्हा ती पहाटे, उजाडण्याच्या आत, झोपेने जड झालेल्या लेकीला गोड बोलून उठवायची आणि शिकवायची. दिवस उगवला की आई कामाला लागायची. तेवढ्या पहाटेवर ती मुलगी इतकी शिकली की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

आपल्या लेकीला पंडिता करायचं आहे असं नाही. त्या आईने दिवसातला जो एक तुकडा स्वतःचा होता तोच लेकीला दिला, एवढंच त्यातून घ्या. तुमचा तुकडा कोणता? कुणाची चुलीपुढची दहा मिनिटं असतील, कुणाची केस विंचरतानाची. लोकलने जाणारी एखादी रात्री अंथरूण घातल्यावर लेकीला विचारते, "आज शाळेत तू काय विचारलंस?" काय शिकवलं हे विचारत नाही, काय विचारलंस हे विचारते. आम्हाला हा प्रश्न फार आवडला. पहिले आठ दिवस लेक म्हणाली, "काही नाही." नंतर आईला सांगता यावं म्हणून ती वर्गात विचारायला लागली.

घरच्या बोलीबद्दल दोन शब्द. आपल्या तालुक्यात किती बोली! सामवेदी म्हणा, कादोडी म्हणा, वाडवळी, आगरी, कोळी, वारली, कातकरी. पोरगी पहिलीत जाते, घरच्या बोलीत काहीतरी बोलते आणि वर्ग हसतो. त्यानंतर ती वर्षभर बोलत नाही आणि आपण म्हणतो लाजाळू आहे. लाज तिची नव्हे, तिला दिलेली. यावर काही आया घरातली बोलीच बंद करतात, पुस्तकी मराठीत नाहीतर तोडक्या इंग्रजीत पोरीशी बोलायला लागतात. तसं करू नका. जी भाषा आपल्याला भरभरून येते तीतच गोष्ट सांगता येते, कोडं घालता येतं, रागावता आणि समजावता येतं. जिला एका भाषेत भरपूर बोलता येतं तिला दुसरी शिकायला सोपं जातं. पोरीला सांगा, घरी असं म्हणतात आणि शाळेत असं म्हणतात, तुला दोन्ही येतं. शिक्षक हसले असतील तर शाळेत जाऊन नीट शब्दांत सांगा. भांडायला जायचं नाही, पण जायचं.

बाप आणि आजी यांच्याशिवाय हे चालत नाही. बापाला भाषण देऊन काही होत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. त्याला एक काम द्यावं. आठवड्यातून एकदा लेकीने त्याला धडा वाचून दाखवायचा, त्याने ऐकायचं. वाचता येत नसेल तरी ऐकता येतं. आजीचं बोलणं बोचतं कधीकधी, "परक्याचं धन" वगैरे. पण गोष्टी आणि ओव्या तिच्याकडेच असतात, आणि जिने स्वतः शाळा पाहिली नाही ती आजी नातीची सगळ्यात मोठी बाजू घेणारी निघते, असंही आम्ही पाहिलंय.

पोरीला धीट केलं तर ती उलट बोलेल, अशी भीती बायका बोलून दाखवतात. बोलेल. थोडं उलट बोलेल. आम्हाला ते चालतं. कारण नको असलेल्या माणसाने अंगाला हात लावला तर "नको" म्हणायला आणि घरी येऊन सांगायला तोच धीटपणा लागतो. मोठ्यांचं सगळं निमूट ऐकायला शिकवलेली पोरगी नेमकी तिथेच गप्प बसते. तिला सांगून ठेवा की असं काही झालं तर आई रागावणार नाही, कुणाचं नाव असलं तरी. आणि १०९८ हा नंबर पाठ करून घ्या. मुलांच्या मदतीसाठी तो आहे, फुकट लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करा. जन्मल्यावर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० असे टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये मिळतात. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. वर्षाला किमान २५० रुपये, पंधरा वर्षं भरायचे. हे पैसे "लग्नाला होतील" असं पोरीसमोर म्हणू नका. शिक्षणासाठी त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम अठराव्या वर्षी काढता येते, तिला ते सांगा. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात, बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा राज्याचा नियम झाला आहे. दाखला हातात आला की तुमचं नाव नीट लिहिलंय ना ते तपासा.

शेवटची गोष्ट पाचवीची. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य बायका असाव्या लागतात. बऱ्याच गावांत बायकांची नावं यादीत असतात आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. या जूनमध्ये बैठकीला जाऊन बसा. मुख्याध्यापकांकडे एकच माहिती मागा: गेल्या वर्षी चौथी पास झालेल्या मुलींची नावं. मग पुढच्या गावच्या शाळेत जाऊन पाचवीच्या हजेरीपटावर त्यातली किती नावं आहेत ती बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की जी नावं गळली ती दिसतात. त्या घरी दोघी-तिघींनी जायचं. रस्त्याचं कारण असेल तर गटाने आलटून पालटून पोरींना पोचवायचं, रिक्षाचं असेल तर चार घरांनी मिळून एक ठरवायची, धाकट्याचं असेल तर वर सांगितलेली सोय करायची. दाखला किंवा आधारचं कारण सांगून शाळा प्रवेश नाकारत असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, कारण कागद नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अर्जाची पोच मागायला विसरू नका. वर्ष सुरू होऊन महिना-दोन महिने गेले असले तरी नाव दाखल करता येतं, तेव्हा ऑगस्ट उजाडला म्हणून थांबू नका.